गिरिजाबाईंनी ज्या ‘समजलं’वर विश्वास ठेवला

आदरणीय गिरिजाबाई मठपती यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या ग्रंथासाठी लेख द्या, असा समितीचा निरोप आला तेव्हा मी सरळ नाही म्हणालो. मी जन्मभर गणित शिकवलं. चार ओळींपलीकडे लिहायची वेळ आली की माझा हात आखडतो. पण समितीतली मंडळी बाईंचे विद्यार्थी, म्हणजे बोलण्यात हार जाणारी नव्हेत. “बिराजदार गुरुजी, बाईंच्या शेजारच्या वर्गात इतकी वर्षं कोण होतं?” एवढंच त्यांनी विचारलं आणि मी सापडलो. कार्याचा आढावा घ्या, असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. तो दुसरे घेतील. पुरस्कार, पदं, शिबिरं हे सगळं त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. मला बाईंची एक सवय सांगायची आहे आणि त्या सवयीपायी घडलेली एक गोष्ट. ती गोष्ट सुखाची नाही. गौरवग्रंथात कशाला, असं कुणी म्हणेल, तर बाईंनीच ती लिहायला परवानगी दिली आहे.

आमची पहिली ओळख देवणीच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका गावातली. दोन खोल्यांची शाळा, मधे भिंतीऐवजी बांबूचा तट्ट्या. मी तिथे आधीपासून होतो. नव्यानेच लग्न झालेल्या गिरिजाबाई एस.टी.तून उतरल्या त्या एक ट्रंक आणि पुस्तकांचा एक गठ्ठा घेऊन. मी अनुभवी माणसाच्या थाटात बजावलं, “बाई, इथं वाळवी लई हाय. पुस्तकं टिकायची न्हाईत.” त्या म्हणाल्या, “मग वाळवीच्या आधी पोरांना खाऊ द्या की.” त्या दिवसापासून मी त्यांच्याशी वाद घालतो आहे आणि एकदाही जिंकलेलो नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटण्याआधी बाई मुलांना एका कादंबरीतलं एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवीत. मुलांसाठी लिहिलेली कादंबरी, एकच प्रत, मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं. तिचं नाव मला कधी कळलंच नाही. अभ्यासक्रमात ती नव्हती. माझ्या बाजूला पाढे चालू असायचे आणि तट्ट्यापलीकडून बाईंचा आवाज यायचा, की माझी पोरं तिकडे कान लावून बसायची. मला राग यायचा. मीही ऐकायचो, ही गोष्ट वेगळी.

खरी कमाल सोमवारी असे. मुलांना प्रकरण समजलं की नाही हे तपासायची बाईंची रीत जगावेगळी होती. गोष्टीतल्या मुलाचं नाव काय, तो कुठे गेला, असं त्या कधी विचारत नसत. उलट प्रत्येक मुलाने त्या प्रकरणावर एक प्रश्न घेऊन यायचा आणि तो असा, की त्याचं उत्तर त्या मुलाला स्वतःला ठाऊक नसावं. “उत्तर ठाऊक असून विचारायचं, ते पोलिसांचं काम. आपण न समजलेलं विचारायचं,” असं त्या सांगत. कुणी “सगळं समजलं, बाई” म्हणालं, तर त्याची खैर नसे. त्याला त्या दुसरा प्रश्न विचारीत, तिसरा विचारीत आणि शेवटी ते पोर स्वतःच कबूल करी की काही समजलेलं नाही. मला त्या म्हणायच्या, “गुरुजी, पोरं ‘समजलं’ म्हणतात ते बहुतेक वेळा सुटका व्हावी म्हणून.”

ही सवय वर्गापुरती नव्हती. माझी पत्नी वारली तेव्हाची गोष्ट. येणारा जाणारा मला विचारी, “जेवलात का?” मी म्हणे, “हो.” माणसं समाधानाने जात. बाईंनी विचारलं, “काय जेवलात?” मला सांगता येईना. त्या उठल्या, आणि त्यानंतर मी सावरेपर्यंत त्यांच्या घरून माझ्याकडे रोज भाकरी येत राहिली. उपदेश नाही, सांत्वन नाही. डबा परत करताना मात्र मी काय खाल्लं आणि काय तसंच ठेवलं, हे त्या उघडून पाहत.

आता सोजरकडे येतो. बहात्तरचा तो मोठा दुष्काळ आमच्या पिढीतला कुणी विसरणार नाही. विहिरींचे तळ दिसत होते. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी थापताना बायका रडकुंडीला येत. शाळेत सुकडीचं पौष्टिक पीठ वाटलं जाई, म्हणून पट भरलेला असे. गावातले कितीतरी जण मुकादमाबरोबर कामाला निघून गेले. सोजरचे आईबापही गेले. तिची आई कौसाबाई; बाई तिला चांगलं ओळखत, कारण ती पोरीला शाळेपर्यंत सोडायला यायची आणि दारात उभी राहून थोडा वेळ ऐकायची. एके दिवशी सोजर शाळेत असतानाच दोघं निघाली. तान्ह्या मुलाला बरोबर नेलं, सोजरला गावातल्याच मावशीकडे ठेवलं. पोर दुपारी घरी गेली तर दाराला कडी. ते कुठे गेले हे मावशीलाही धड ठाऊक नव्हतं. पुण्याकडं, एवढंच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कादंबरीत नेमकं तसलं प्रकरण आलं. दुष्काळ पडतो, एक कुटुंब गाडी जुंपून कामाला निघतं आणि धाकट्या मुलीला झोपेत सोडून जातं. बाईंनी ते आधी वाचलं होतं आणि मलाही सांगितलं होतं. मी म्हणालो, “एवढं प्रकरण वगळा. पोरीच्या जखमेवर मीठ कशाला?” बाई म्हणाल्या, “वगळलं, तर तिला वाटेल की तिच्यावर आलंय ते वाचण्यासारखंसुद्धा नाही.” आणि त्यांनी ते वाचलं.

सोमवारी मी पाढे बंद केले आणि तट्ट्याला पाठ लावून बसलो. मुलांचे प्रश्न सुरू झाले. एकाने विचारलं, गाडीत बांधून घेतलेली भाकरी मिलोची होती का. सगळे हसले, बाईही हसल्या. दुसऱ्याने विचारलं, वाटेत बैलाला पाणी कुणी पाजलं. मग सोजरची पाळी आली. ती उभी राहिली आणि म्हणाली, “तिला का न्हाई इचारलं?”

एक पोरगा म्हणाला, “लहान हाय की ती. तिला काय इचारायचं?”

सोजर म्हणाली, “बैलाला इचारलं. तिला न्हाई इचारलं.”

खरंच होतं. प्रकरणात गाडी जुंपताना बाप बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, “चलतोस ना रं?” ते वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. बाईंनी तर ते स्वतः वाचलं होतं. पण बैलाला विचारलं आणि मुलीला विचारलं नाही, हे त्या वर्गात एकाच पोरीच्या ध्यानात आलं. तट्ट्याच्या फटीतून मला बाईंचा चेहरा दिसत होता. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, “मला ठाऊक नाही, सोजर. पुस्तकात ते लिहिलेलं नाही. मी शोधून सांगते.”

दुसरा कुणी असता तर असा शब्द विसरला असता. पोरांना दिलेला शब्द कोण धरून बसतो? बाई धरून बसल्या. उदगीरच्या बाजारात जाऊन त्यांनी मुकादमांच्या माणसांना कौसाबाईचा पत्ता विचारला. पुण्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाजवळ निरोप दिला. काही हाती लागलं नाही. दुष्काळ सरला, पाऊस झाला, गेलेली बरीच माणसं परत आली. सोजरचे आईबाप आले नाहीत. पोर मोठी होत गेली, सोमवारी प्रश्न विचारत राहिली, पण तो प्रश्न तिने पुन्हा काढला नाही. पुढे मावशीने तिचं लग्न लावून दिलं. माहूरचं घर मिळालं. गडाखाली नारळ, खण, कुंकवाचं दुकान. निरोप घ्यायला ती शाळेत आली, तेव्हा तिच्याकडे पाहायचं धाडस बाईंना होत नव्हतं. तिला द्यायचं उत्तर अजून त्यांच्यापाशी नव्हतं.

मग लातूर जिल्हा झाला. जुन्या जिल्ह्याचे दोन भाग झाले, आम्हा शिक्षकांचीही वाटणी झाली. कुणी खूश, कुणी नाराज. बाईंच्या सासरचं किराणा दुकान लातुरात, त्यामुळे त्या लातुरात आल्या. मलाही तिथलीच शाळा मिळाली. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या. शहरात जिकडे पाहावं तिकडे पाया खणून ठेवलेला, खडीचे ढीग, घमेली वाहणाऱ्या बाया. शाळेच्या वाटेवरच एका मोठ्या इमारतीचं काम चाललं होतं. एका दुपारी बाई तिथून जात होत्या. वाळूच्या ढिगाआड बाया भाकरी खात बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने बाईंना पाहिलं आणि पदर ओढून तोंड फिरवलं. बाकीच्या बायांना बाईंशी काही देणंघेणं नव्हतं, हिनेच का तोंड फिरवावं? बाई थांबल्या, जवळ गेल्या. कौसाबाई होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला शाळेत सगळं सांगितलं. तान्हा पोरगा पहिल्याच उन्हाळ्यात कामावर वारला होता. मागून नवराही गेला. “घेऊन गेले त्याला घालवलं. ठिवली ती राहिली. आता तिच्यापुढं कोन्या तोंडानं जाऊ, बाई?” असं ती म्हणाली. बाईंनी तिला मग सोजरचा प्रश्न सांगितला, त्या वर्गात विचारला होता तसाच. कौसाबाई बराच वेळ हातातली भाकरी मोडत राहिली आणि म्हणाली, “इचारलं असतं तर ती येते म्हनली असती. येते म्हनली असती, तर मला ठिवून जाता आलं नसतं.”

एवढं सांगून बाई माझ्यासमोर रडल्या. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, “कौसाबाईला घेऊन माहूरला जा.” बाई म्हणाल्या, “ती तयार नाही. पोरीनं बोलावलं तर येईन म्हणते.”

बाईंनी रजा काढली, नांदेडमार्गे माहूर गाठलं. सोजर दुकानात बसली होती, कडेवर वर्षाची पोर, समोर गिऱ्हाइकं. बाईंनी तिला बाजूला घेतलं. आई सापडली हे सांगितलं, भावाचं सांगितलं, वडलांचं सांगितलं आणि आईने दिलेलं उत्तर शब्दाला शब्द सांगितलं. सोजर ऐकत होती. ऐकताना नारळाच्या शेंड्या सोलत होती. शेवटी बाईंनी विचारलं, “समजलं का, सोजर?”

सोजर म्हणाली, “समजलं, बाई.”

आणि बाई उठल्या. ज्या बाईंनी जन्मभर एकाही पोराचं ‘समजलं’ खरं मानलं नाही, त्यांनी त्या दिवशी ते मानलं. सोजरने चहा पाजला, ओटीत खण नारळ घातला, एस.टी.पर्यंत सोडायला आली. आईबद्दल एक अक्षर बोलली नाही. लातूरला आल्यावर बाई बांधकामावर गेल्या. कौसाबाईने विचारलं, “येते म्हनली का?”

“नाही. पण तिला समजलं म्हणाली.”

“बोलावलं का?”

“तसं काही म्हणाली नाही.”

कौसाबाई म्हणाली, “बरं,” आणि घमेलं उचललं. आठवडाभरात त्या इमारतीचा वरचा स्लॅब ओतून झाला, मजुरांच्या टोळीचं काम संपलं आणि ती माणसं निघून गेली. कुठे, ते कुणी सांगितलं नाही. बाईंनीही फार चौकशी केली नाही. मायलेकींना एकमेकींचं कळलंय, आता त्यांचं त्या पाहतील, असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

पुढे काही वर्षांनी पुन्हा पावसाने दडी मारली. गडावर माणूस चढेना, सोजरचं दुकान बसलं. नवऱ्याने ऊसतोडीला जायचं ठरवलं, सोजरलाही जावं लागणार होतं. तिची मुलगी नंदा तेव्हा तिसरीत की चौथीत होती, हुशार. ती शाळेत राहावी म्हणून सोजर तिला घेऊन लातूरला बाईंच्या घरी आली. योगायोगाने मी तिथेच बसलो होतो. बाईंना आनंद झाला. त्यांनी खोली दाखवली, दप्तर कुठे ठेवायचं ते दाखवलं. सगळं ठरल्यासारखं होतं.

निघताना सोजरने पोरीला जवळ घेतलं आणि विचारलं, “नंदा, बाईपाशी राहतीस का?”

“आन् तू?”

“मी जाऊन येते.”

“मग मी बी येते.”

सोजरने पुन्हा विचारलं. इथं शाळा हाय, बाई हायेत, पोटभर जेवण हाय. पोरीने आईच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला आणि तेच म्हणाली, “मी बी येते.” सोजर उंबऱ्याजवळच खाली बसली. मग तिने बाईंकडे पाहिलं. चेहरा असा झाला होता की मी मान खाली घातली.

“बाई,” ती म्हणाली, “तवा मला समजलं न्हवतं.”

बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. सोजर रडत रडत सांगू लागली, की माहुरात त्या दिवशी तिला फक्त एवढंच ऐकू आलं होतं, की आईला आपल्याला ठेवून जायचंच होतं. पोरगा नेला, पोरगी ठेवली. बाकीचे शब्द कानावर पडले, आत गेले नाहीत. “आता माझ्या तोंडातून इचारून झालं, बाई. आता हिला ठिवता येत न्हाई मला. आईला हेच म्हाईत होतं.” मग तिने विचारलं, “कुठं हाय ती?”

आम्ही तिघं उठलो. नंदाही होतीच. जिथे मजूर उभे राहतात त्या नाक्यावर गेलो, मार्केट यार्डामागच्या पालांवर गेलो, मुकादमांची घरं पालथी घातली. एकजण म्हणाला, ती टोळी केव्हाच फुटली, कोण कुठं गेलं देव जाणे. दुसरा म्हणाला, कौसा नावाच्या बाया ढीगभर हायेत, कोनती पायजे? संध्याकाळी सोजर नंदाला घेऊन परत गेली. नंदाचं ते वर्ष बुडालं. तिला ठेवून जा, असं बाई एका शब्दानेही म्हणाल्या नाहीत.

गाडी गेल्यावर बाई मला म्हणाल्या, “गुरुजी, दुसरा प्रश्न विचारला नाही मी. ‘आईला काय सांगू?’ एवढं जरी विचारलं असतं, तरी कळलं असतं की पोरीला काही समजलेलं नाही. इतकी वर्षं ते उत्तर माझ्यापाशी नव्हतं. सापडलं, पोचवलं आणि मीच मोकळी झाले.” मी म्हणालो, “बाई, तुमच्याशिवाय त्या पोरीला उत्तर आणून दिलं असतं कुणी?” ते बरोबरच होतं आणि त्याने त्यांचं दुःख तसूभरही कमी झालं नाही. त्यानंतर बाईंनी शेकडो शिक्षकांना वाचन तपासायला शिकवलं, त्यांची ती शिबिरं गाजली, त्याबद्दल या ग्रंथात इतरांनी लिहिलं असेलच. प्रत्येक शिबिरात त्या शेवटी एकच सांगत, की मूल ‘समजलं’ म्हणालं तर उठू नका. समोर बसलेल्यांना ती एक युक्ती वाटे. त्या वाक्यामागे काय आहे ते मी मागच्या बाकावर बसून ऐकत असे.

कौसाबाई पुन्हा भेटली नाही. आता भेटेल अशी आशाही कुणी धरत नाही. सोजर आज स्वतः आजी आहे. नंदा पुढल्या वर्षी पुन्हा शाळेत बसली, शिकली आणि नांदेडला परिचारिका झाली. पण सोजर अजून वर्षातून एकदा लातूरला येते, बाईंच्या पायाशी बसते आणि म्हणते, “बाई, आई कशी दिसत होती, सांगा.” तिच्या आठवणीतली आई तरणीताठी आहे. नंतरची आई तिने पाहिलीच नाही. बाई सांगतात. सोजर मधेच विचारते, केस पिकले होते का? हात कसे झाले होते? भाकरीबरोबर काय होतं? माझं नाव घेतलं तवा आवाज कसा झाला? बाई एकेका प्रश्नाचं उत्तर देतात, जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणतात, आणि सोजर “आता बास” म्हणेपर्यंत उठत नाहीत. गेल्या खेपेला बाईंची कंबर धरली होती, बसवत नव्हतं, तरी त्या बसल्या.

समारंभाला मी येईन, टाळ्याही वाजवीन. बाईंनी शंभरी पाहावी, अशी प्रार्थना सगळेच करणार आहेत आणि मीही हात जोडून तीच करतो. त्यांचे गुडघे चालते राहोत, नजर राहो, आणि सगळ्यांत आधी त्यांची आठवण शाबूत राहो. कौसाबाईचा तो चेहरा पाहिलेलं आणि पोरीला सांगू शकणारं माणूस आता हे एकच उरलं आहे, आणि सोजरचे प्रश्न अजून संपलेले नाहीत.